साडेतीन तासांचं गुवाहाटी

धाराशिवच्या एका तिकीट एजंटानं मला फसवलं. मी त्याला पैसे रोख दिले होते आणि त्यानं मला वेळ खोटी सांगितली.

भूमजवळ माझी खव्याची भट्टी आहे. कुणाच्या आधाराशिवाय उभी केली. गुवाहाटीचा एक मोठा मिठाईवाला नमुना मागत होता. पसंत पडला तर दर आठवड्याला माल जाणार होता. मी एजंटाला एकच विचारलं, "पुण्याहून पोचायला किती वेळ?"

त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. दोन शहरांमध्ये सरळ रेघ, खाली अंतर, खाली वेळ. "बघा काका, साडेतीन तास. सकाळी बसा, दुपारी तिथं जेवा." मी त्याचं कमिशन निम्म्यावर आणलं तेव्हा तो हसला होता. ते हसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सकाळचं विमान गाठायचं म्हणजे आदल्या संध्याकाळीच निघणं आलं. खवा कढईतून काढला की परातीत पसरून पार गार करायचा, मगच बांधायचा, ही आमची रीत. बायको म्हणाली, "अहो, गार तरी हूं द्या. हात लावून बघा, किती गरम हाय."

"साडेतीन तासाचा तर परवास हाय," मी म्हणालो आणि खोका चिकटपट्टीनं बंद केला.

विमान दिल्लीत उतरलं. पुढचं विमान संध्याकाळी. तिकिटावर ते इंग्रजीत बारीक अक्षरात होतं म्हणे. खोका सामानात गेलेला, मला दिसेना. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि खोका उन्हात आहे की सावलीत, कुणी सांगेना. मी एका खुर्चीवर टिकलो नाही. काउंटरवरच्या मुलीला इतक्यांदा विचारलं की ती शेवटी म्हणाली, "अंकल, बैठ जाइए."

गुवाहाटीत मिठाईवाल्यानं खोका उघडला. खव्याला घाम सुटला होता. त्यानं चिमूट नाकाशी नेली, मग झाकण अलगद परत लावलं. मला चहा पाजला. ऑर्डरचं नाव काढलं नाही.

परत आल्यावर मी थेट एजंटाच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "काका, विमान हवेत तेवढाच वेळ असतं. थांबणं त्यात धरत नाहीत."

"मग म्या खवा हवेतच इकायचा व्हता का?"

बाकावरची गिऱ्हाईकं हसली. तोही हसला. वर म्हणाला, "नाशवंत माल आहे, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं."

मी त्याला माल काय ते विचारत नव्हतो, वेळ विचारत होतो. आता माझं एकच मागणं आहे. त्यानं माझ्यासमोर बसून गुवाहाटीला फोन लावावा आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं, की भूमचा खवा वाईट नव्हता, वेळ मी चुकीची सांगितली. तो फोन लावेपर्यंत मी त्याच्या दुकानात रोज जाऊन बसणार आहे.