पाझर थांबला ते तीन दिवस

बुटीबोरीच्या पुढे एका कारखान्याचं सांडपाणी साठवणारी तीन तळी आहेत, आणि त्यांतल्या सगळ्यात खालच्या तळ्याला अडवणारं एक मातीचं धरण. धरण म्हटलं की लोकांना दरवाजे, फेसाळतं पाणी आणि भजी आठवतात. आमचं धरण म्हणजे अडीच पुरुष उंचीचा भराव आणि त्याच्या मागे करड्या रंगाचं, कुणालाही हात बुडवावासा न वाटणारं पाणी. कारखान्यातले लोक त्या तळ्यांना लगून म्हणतात. भरावाच्या खाली नाल्याकाठी पंचवीस-तीस घरांची वस्ती आहे, तिथले लोक त्यांना डबरे म्हणतात. भरावाला काही झालं तर पाणी सगळ्यात आधी त्यांच्या उंबऱ्यात शिरणार. तसं होऊ नये म्हणून रोज मोजमाप घेणं ही माझी नोकरी.

मी महालातली, म्हणजे शहराच्या जुन्या, दाटीच्या भागातली. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की मागे कोणी सरायचं यावर भांडण होतं, आणि मी कधी मागे सरलेली नाही. तोच स्वभाव घेऊन मी नोकरीवर आले. हेल्मेट, सेफ्टी शूज, हातात रजिस्टर. चार पाइपांमध्ये टेप सोडून भरावाच्या पोटातलं पाणी किती वर आलं ते पाहायचं, पायथ्याच्या चरीतून किती पाझर येतो ते मोजायचं, आणि लिहायचं. मला वाटायचं, हे धरण माझ्या रजिस्टरवर उभं आहे.

तिथे एक मावशी होत्या. त्यांचं काम भरावावरचं गवत कापायचं आणि बेशरमीची झुडपं उपटायची. पंचावन्नच्या आसपास वय, माहेर पारशिवनीकडचं, राहणं खालच्या वस्तीतच, लेक आणि शाळेत जाणाऱ्या नातीबरोबर. रोज सकाळी कामाला लागण्याआधी त्या चरीच्या तोंडाशी काचेचा पेला धरायच्या, भरलेला पेला आमच्या चौकीच्या खिडकीत ठेवायच्या आणि चुलीवर चहा चढवायच्या. चहा होईपर्यंत पेल्याच्या तळाशी गाळ बसला नाही तर म्हणायच्या, "चांगलं हाये आज." मग चहा.

पहिल्या आठवड्यात मी हसले होते. मातीचं धरण थोडं पाझरतंच, पाझर स्वच्छ असेल तर चिंता नाही, गढूळ झाला तर भराव स्वतःचीच माती गमावतोय असं समजायचं, हे मी चार वर्षं घासून शिकले होते. मावशी ते वडिलांच्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, शिकल्या होत्या. खेकड्याने बांधाला भोक पाडलं की सकाळपर्यंत बांधी कोरडी, म्हणून वडील मुलीला बांधावर अनवाणी फिरवायचे. "डोयाले दिसत नाही ते पायाले समजते," असं त्या सांगायच्या. मावशी भरावावरही चपला काढून चालायच्या आणि मी त्यांना त्यावरून दर आठवड्याला टोकायचे. त्या हो म्हणायच्या आणि पुन्हा अनवाणी चालायच्या.

मग वरून तपासणीला एक साहेब येणार असं कळलं. पायथ्याशी चरीच्या तोंडाजवळ नेहमीच थोडा चिखल आणि हिरवळ असायची. साहेबांच्या डोळ्यांना ते कसं दिसेल, या काळजीने मला घेरलं. मी ठेकेदाराच्या माणसांना सांगितलं, तो भाग नीट करा. त्यांनी चिकणमाती आणून थापली, धुमसाने ठोकली, वर मुरूम पसरला. अंगणासारखी जागा झाली. दुसऱ्या दिवशी चर कोरडी होती. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "पाझर शून्य", आणि इतकी खूश झाले की परस्पर वस्तीत जाऊन नळावरच्या बायकांना सांगून आले, आता धरण गळायचं बंद झालं, निर्धास्त राहा. त्या बिचाऱ्यांनी मला चहा पाजला.

लिहितानासुद्धा कान गरम होतात. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी पैकीच्या पैकी मार्क घेतले असते. पाणी बाहेर पडायची वाट बुजवली तर ते भरावाच्या पोटात चढत जातं आणि एक दिवस भराव फोडून निघतं. पण साहेबांपुढे चिखल दिसू नये या हव्यासात माझी सगळी विद्या गहाण पडली होती.

तिसऱ्या सकाळी, म्हणजे तपासणीच्याच दिवशी, मावशी रिकामा पेला घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, आज तिसरा दिवस, पेला भरून नाही राहिला."

"चांगलंच आहे की मग."

"काहून चांगलं? डबऱ्यातलं पाणी कमी झालं का?"

"नाही."

"मंग रोजचं पाणी जाऊन कुठं राहिलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गवत कापायला ठेवलेल्या बाईने मला धरण शिकवावं? मी त्यांना नको ते बोलले. तुमचं काम विळ्याचं आहे, तेवढंच करा, असं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. पेला खिडकीत ठेवला आणि म्हणाल्या, "जोडे काढा अन् चला माह्यासंगं. मंग शिव्या द्या."

काय झालं कोण जाणे, कदाचित त्यांच्या आवाजात राग नव्हता म्हणून असेल, मी सेफ्टी शूज काढले. सुरक्षेची इंजिनिअर, नियम मोडून, मोजे खिशात कोंबून, त्यांच्या मागे भरावाच्या उतारावर चालायला लागले. खडे टोचत होते. पायथ्यापासून कमरेएवढ्या उंचीवर त्या थांबल्या. वर गवत वाळकंच दिसत होतं. मी पाय ठेवला आणि माती दबली. थंड, ओली, पीठ मळल्यासारखी. तिथे पाणी असायचं काहीच कारण नव्हतं.

मी धावत चौकीत आले आणि रजिस्टर उघडलं. चारपैकी दोन पाइपांमधली पातळी तीन दिवस चढत होती. आकडे माझ्याच अक्षरात होते. मी ते लिहिले होते, पाहिले नव्हते.

त्यानंतर मला रागवायला वेळ मिळाला नाही. कारखान्याला फोन करून तळ्यात येणारं पाणी बंद करायला लावलं. मॅनेजर कुरकुरले, तेव्हा महालची गल्ली कामी आली. पंप लावून खालच्या तळ्यातलं पाणी वरच्या दोन तळ्यांत चढवलं. पातळी उतरायला लागल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी थापलेली माती हाताने, थोडी थोडी काढली आणि त्या जागी वाळू नि गिट्टी भरली, म्हणजे पाणी निघेल पण माती निघणार नाही. मावशी उतारावर अनवाणी उभ्या राहून कुठे माती मऊ लागते ते सांगत होत्या. साहेब दुपारी आले तेव्हा मी चिखलात गुडघ्यापर्यंत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. माती मी थापायला लावली हेही सांगितलं आणि ओल कोणी शोधली हेही. ते बराच वेळ मावशींच्या पायांकडे पाहत राहिले, मग त्यांनी स्वतःचे बूट काढले.

चर वाहायला लागली. पहिला पेला गढूळ आला, दुसरा थोडा कमी. सूर्य कलताना तिसरा पेला खिडकीत ठेवून आम्ही दोघी चहा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत बसलो. तळ स्वच्छ राहिला. तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं.

"मावशी, तुमचं घर तर अगदी खाली. तुम्ही घरच्यांना हलवलं का नाही?"

"हलवलं ना. तुमी शून्य लिहिलं त्याच दिवशी लेकीले अन् नातीले पारशिवनीले धाडलं."

"मग वस्तीत बाकीच्यांना का नाही सांगितलं?"

"सांगतलं. कोणी आयकून नाही राहिलं. म्हणे, मॅडम सोता सांगून गेली, तू काहून भेवाडून राहिली?"

मी विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही का नाही गेलात?"

"खाली लेकरं होती ना वं बाई लोकायची," एवढंच त्या म्हणाल्या आणि कपात चहा ओतला. दोन रात्री ही बाई त्या घरात एकटी झोपली होती, आणि सकाळी मी तिला विळ्याची पायरी दाखवली होती. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या सकाळी मी वस्तीत नळावर गेले. मावशी सोबत होत्या. मी बायकांना सांगितलं की त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं होतं, पाझर बंद होणं हाच धोका होता, आता तो पुन्हा सुरू झाला आहे, स्वच्छ आहे, घाबरायचं कारण नाही. नळ वाहत होता, पाण्याचे पितळी गुंड भरून सांडत होते. सगळ्या जणी माझ्याकडे नाही, मावशींकडे पाहत होत्या. मावशींनी मान डोलावली, तेव्हा त्यांनी गुंड उचलले आणि घरी गेल्या.