लाल कार्डावरचं दुसरं नाव

वासू गेल्याची बातमी मला कंपनीच्या बसमध्ये कळली. पुढच्या सीटवरचा एकजण मागे वळून म्हणाला, "शरदभाऊ, कूलिंग वॉटरचा वासू फिटर गेला जी. सकाळी अंगणात सायकल पुसून राह्यला होता, खाली बसला, अन् गेला." मी "अरे बापरे" म्हटलं, सगळे म्हणतात तसं. पण खरं सांगतो, आता खोटं बोलून काही मिळवायचं राहिलेलं नाही... माझ्या मनात पहिला विचार हा आला, की मरणसुद्धा याचंच चांगलं. ना दवाखाना, ना नाकात नळ्या, ना घरच्यांना त्रास. आमच्या वडिलांनी दोन वर्षं अंथरूण धरलं होतं. दुःख नंतर झालं, घरी पोचून हातपाय धुताना. आधी मी जळलो. दुपारी इरई नदीच्या काठावरच्या स्मशानात पोचलो तर अर्धी कॉलनी तिथे उभी. सफाईवाल्या बाया, क्लबचा माळी, दोन इंजिनीअर. आपल्या वेळी एवढी माणसं येतील का, असं मी मनात म्हटलं. स्मशानात उभं राहून असा हिशेब करणारा माणूस कसा असेल, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

वासू आरमोरीकडचा, ढिवराच्या घरचा. लहानपण तलावात जाळं टाकण्यात गेलं. वीज केंद्रात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागला आणि हातातल्या कसबाच्या जोरावर फिटर झाला. पंप, पाइप, व्हॉल्व्ह, जिथे पाणी तिथे वासू. एखादा जोड गळायला लागला की दुसरे लोक पाना घेऊन त्याच्याशी कुस्ती खेळायचे. हा बाजूला बसून बघत राहायचा. म्हणायचा, "पान्यासंग भांडाचं नाई भाऊ. त्याले रस्ता द्याचा." वयानं तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पण मी डिप्लोमावाला, मीटर अन् गेज बघणाऱ्या विभागातला, म्हणून तो मला "शरदभाऊ, तुमी" म्हणायचा आणि मी त्याला "वासू, अरे". उलटं असायला पाहिजे होतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

ऊर्जानगरात, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीत, आमच्या लाइनीत पहिला कम्प्युटर माझ्या घरी आला. तेव्हापासून लोक मला कम्प्युटरवाले शरदभाऊ म्हणू लागले, आणि बाप्पा, मला ते नाव फार आवडायचं. क्लबानं बायका-पोरांसाठी उन्हाळी शिबिर काढलं, त्यासाठी एक कम्प्युटर घेतला, तर त्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर. आता मे महिन्यातलं चंद्रपूर. लोखंडी फाटकाला हात लावला तर चटका बसतो. सकाळी अकरा वाजले की कम्प्युटर जागच्या जागी थिजायचा. मी काय डोकं लावलं? कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढला आणि समोर भलामोठा कूलर लावून दिला. माणसाला गार वाटतं, तर मशीनला का नाही! दोन दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो. तिसऱ्या दिवशी कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे शिंतोडे आणि वाळ्याच्या काड्या आत गेल्या, फट् असा आवाज झाला आणि मदरबोर्ड खलास. शिबिराच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझी बायकोही त्यांच्यात होती.

नेमका तेव्हाच वासू त्या कूलरचा पंप बघायला आला होता. कॉलनीतले सगळे कूलर तोच बघायचा. त्यानं उघड्या कॅबिनेटात वाकून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, याच्यात तापते काय?" मी मास्तरासारखं बोटानं प्रोसेसर दाखवला. "एवढासाच?" तो म्हणाला. "मंग सारा कम्प्युटर काऊन भिजवता? जेवढं तापते तेवढ्यालेच पानी पाजा नं. आपल्या कंडेन्सरवानी. पानी नळीतून आतल्या आत फिरन, बाहीर थेंब येनार नाई." मी मोठ्यानं हसलो. "अबे वासू, पाणी अन् कम्प्युटर?" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. पण तो म्हणत होता ते खरं होतं. परदेशात काही हौशी लोक असं करतात, त्याची चित्रं मी सायबर कॅफेत बसून पाहिली होती. पाहिली, आणि हे आपल्याकडचं काम नाही म्हणून सोडून दिली. या माणसानं कीबोर्डला बोट लावलं नव्हतं, आणि हातात कूलरचा पंप धरून उभ्या उभ्या त्याला ते सुचलं. मी त्या दिवशी जो जळायला लागलो...

क्लबाच्या सेक्रेटरींनी नवा मदरबोर्ड आणून दिला आणि वासूला करून बघ म्हणाले. त्यानं पहिलं काम काय केलं, तर कॅबिनेटच्या बटणाला लाल कार्ड अडकवलं. आमच्या केंद्रात नियम आहे. कोणत्याही मशीनमध्ये हात घालायचा तर आधी ती बंद करायची आणि बटणाला लाल कार्ड बांधायचं: काम चालू आहे, हात लावू नये. खाली काम करणाऱ्यांची नावं. काम संपलं की ज्यांची नावं आहेत त्यांनी सह्या करायच्या, मगच कार्ड निघतं. दुसऱ्या कोणी, मोठ्या साहेबानंही, त्याला हात लावायचा नाही, कारण कार्डाच्या पलीकडे कोणाचा तरी हात मशीनमध्ये असतो. वासूनं पहिल्या ओळीवर आपलं नाव लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केला. "तुमचं बी टाका नं भाऊ. दोघं करू." मी म्हटलं, "माझं नको. पाणी सांडलं तर नाव कोणाचं जाईल?" तो बरं म्हणाला. दुसरी ओळ कोरी राहिली.

पुढचे आठ-दहा दिवस मी फक्त टॉर्च धरली. कबाड्याकडून त्यानं मोटारीच्या हीटरची जाळी आणली, तांब्याच्या नळ्यांची, कोरी करकरीत. मी विचारलं ही एवढी नवी कशी, तर म्हणाला, "चंद्रपुरात मोटारीचा हीटर कोन लावन जी?" तापलेलं पाणी गार करणारी ती जाळी बसवायला कॅबिनेटच्या डोक्यावर गोल भोक पाहिजे होतं. त्यानं कंपासनं वर्तुळ काढलं, त्या रेघेवर हातड्रिलनं बारीक बारीक भोकं पाडली, छिन्नीनं ती एकमेकांत उघडली आणि मग कानस घेऊन बसला. पत्र्याच्या कडेनं नळी कापू नये म्हणून सायकलची जुनी रबरी ट्यूब चिरून कडेला बसवली. प्रोसेसरवर बसवायच्या तांब्याच्या ठोकळ्यात पाण्याची वाट कोरली आणि त्याचं बूड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासत राहिला, इतकं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. ते तोंड काही चांगलं दिसत नव्हतं. नळी म्हणून गवंड्यांचा लेव्हल पाइप, पंप कूलरचाच छोटासा, आत बॅटरीचं पाणी. त्याचे हात चालताना मी बघत राहायचो. माझ्या हातांना टायपिंग येत होतं, सोल्डरिंगही येत होतं, पण असं ऐकणारे हात मला देवानं दिले नव्हते. एकदा तो म्हणाला, "भाऊ, टॉर्च हालून राह्यली." मी म्हटलं, "हात दुखतो." दुखत नव्हता.

गळतं का ते बघायला त्यानं कोणतंही मीटर मागितलं नाही. घरून वहिनींचा रांगोळीचा डबा आणला आणि प्रत्येक जोडाखाली पांढरीशुभ्र रांगोळी पसरली. "थेंब पडला त काळी दिसन." कम्प्युटर न लावता नुसता पंप दिवसभर चालवला. संध्याकाळी रांगोळी तशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कम्प्युटर सुरू केला. बारा वाजले, एक वाजला, तीन वाजले... थिजला नाही. वासूनं तांब्याच्या ठोकळ्याला बोट लावलं, मलाही लावायला लावलं. कोमट. तो लहान मुलासारखा हसला. "झाला नं आपला!" आपला म्हणाला तो. माझा एक खिळासुद्धा त्यात नव्हता.

केंद्राचे मोठे साहेब बघायला आले तेव्हा क्लबात वीस-पंचवीस माणसं होती. त्यांनी वाकून सगळं पाहिलं आणि विचारलं, "कोणी केलं हे?" वासूचे हात ओले होते, तो ते पॅंटला मागे पुसत होता. मी म्हटलं, "आम्ही, साहेब." आम्ही हा शब्द फार सोयीचा आहे. त्याचा अर्थ आम्ही दोघं असाही होतो, आणि बोलणारा जरा अदबीनं बोलत असेल तर नुसता मी असाही होतो. साहेबांनी कोणता अर्थ घेतला, ते त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं. दुरुस्त करायला मला चांगला मिनिटभर वेळ होता. मी म्हटलं, "साहेब, चहा घ्या." गृहपत्रिकेत फोटो छापून आला. कॅबिनेटवर हात ठेवून मी, आणि कडेला कोणाचं तरी कोपर आणि ओली बाही.

वासू भांडला असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळे झालो असतो. तो भेटला आणि म्हणाला, "फोटो मस्त आला जी तुमचा." त्या वाक्यात टोमणा कुठे आहे, ते मी कितीतरी दिवस शोधलं. नव्हताच. आणि एवढं करून मला मिळालं काय? साहेब बदलून गेले, पत्रिका रद्दीत गेली, आणि कॉलनीत कोणाचं काही बिघडलं की निरोप वासूकडेच. माझ्या घरचा कूलर बंद पडला तर बायको म्हणायची, "तुम्ही नका हात लावू, वासूभाऊंना येऊ द्या." नाव माझं झालं होतं, पण माणसं त्याचीच राहिली. पुढे क्लबानं नवे कम्प्युटर घेतले तेव्हा तो जुना त्यानं आपल्या मुलीसाठी, रजनीसाठी, घरी नेला. तो बघायला मी कधी गेलो नाही.

शेवटची भेट भाजीबाजारातली, तो जायच्या तीन आठवडे आधीची. हातात चवळीच्या शेंगांची पिशवी. म्हणाला, "भाऊ, लेव्हल पाइप पिवळा पडून कडक झाला. बदलाचा आहे. या नं एक दिवस, आपून दोघं करून टाकू." पाइप बदलायला त्याला माझी काय गरज? बोलावून माझी जागा दाखवतो आहे, असं मला वाटलं. "बघू," म्हटलं, आणि कांदे निवडत बसलो.

तेरवी झाल्यावर त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत टेबलावर तो कॅबिनेट, डोक्यावर ते गोल भोक, नळ्या काढून ठेवलेल्या, शेजारी नव्या पाइपचं वेटोळं. बटणाला लाल कार्ड. वहिनी म्हणाल्या, "तुमीच पाहा जी. रजनीले हात लावू देल्ला नाई त्यायनं. म्हनत, शरदभाऊ येतीन, मंग करू." मी कार्ड उलटून पाहिलं. पहिल्या ओळीवर त्याचं नाव. दुसऱ्या ओळीवर, त्याच्याच टपोऱ्या अक्षरात, माझं.

रजनी शेजारी उभी होती. आता कॉलेजात आहे. म्हणाली, "काका, बाबा नेहमी सांगत, हे आपून बनवलं, मी अन् शरदकाकानं. यातलं तुमी काय काय केलं होतं?" पुन्हा तोच मिनिटभर वेळ माझ्यापुढे आला. या वेळी चहाचं नाव काढलं नाही. म्हटलं, "पोरी, तुझ्या बाबानं बनवला. मी टॉर्च धरली होती. तीही धड धरली नाही." वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मालूम आहे जी आमाले. पन ते म्हनत, टॉर्च नसती त भोक कसं दिसलं असतं?" जाळण्यासाठी याहून बारीक काडी त्याला सापडली नसती. आणि त्याला तर जाळायचंही नव्हतं!

त्या दिवशी मी बाह्या वर केल्या. नवा पाइप कापला, जोडांवर चढवला, क्लिपा आवळल्या, खाली वहिनींची रांगोळी पसरली, पंप लावला. जाळीवर त्यानं झाळलेले जोड इतक्या वर्षांनी कोरडे. मी बसवलेल्या दोन्ही जोडांखाली रांगोळी काळी. रजनी हळूच म्हणाली, "काका, तुमचे गळून राह्यले." पुढच्या रविवारी परत गेलो, परत गळले. तिसऱ्या रविवारी पान्याचा जोर सोडला, बाजूला बसलो, पाणी कुठून यायला बघतं ते नुसतं पाहिलं, आणि क्लिप अर्ध्या बोटानं मागे सरकवली. संध्याकाळपर्यंत रांगोळी पांढरी राहिली. रजनीनं कम्प्युटर सुरू केला, पंखा फिरला, पाणी फिरलं, आणि ओळखीची ती बारीक गुरगुर खोलीत सुरू झाली. मी खिशातून पेन काढला आणि कार्डाच्या दुसऱ्या ओळीवर माझ्या नावापुढे सही केली.

पण कार्ड काढता येत नाही. नियम आहे, ज्यांची नावं त्या सगळ्यांच्या सह्या. पहिल्या ओळीपुढची जागा कोरी आहे, आणि त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार कोणालाच नाही, मला तर मुळीच नाही. रजनी रोज ते कार्ड बाजूला सारून बटण दाबते. गेला तरी त्याच्या सहीवाचून माझं एक कामही पुरं होत नाही... जळतो मी, वासूभाऊ. अजून जळतो.