फ्लॅश बंद झाल्यावर धारणीत ऐकलेली हाक

१२ जानेवारी २०२१ रोजी ब्राउझरमधला फ्लॅश बंद झाला. माझी बायको मंगला त्याआधी सप्टेंबरात वारली होती.

तेरा तारखेला सकाळी अकोल्याहून गावंडे मॅडमचा फोन आला. त्या एका संस्थेच्या संचालक आहेत. ही संस्था गावोगावच्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देते. त्यांच्यासाठी मी २०११ साली अमरावतीत घरी बसून नऊ पाठ तयार केले होते. पडद्यावर चित्रातली एक नर्स बोलते, तान्ह्या बाळाचं वजन कसं घ्यायचं ते दाखवते, मधूनच प्रश्न विचारते.

"सर, तुमची नर्स गायब झाली," मॅडम म्हणाल्या. "तिच्या जागी नुसता राखाडी डबा दिसून राहिला. कावून?"

मी त्यांना कारण सांगितलं. त्या काळी ब्राउझरला स्वतःहून आवाज किंवा चलचित्र दाखवता येत नसे. त्यासाठी फ्लॅश नावाचं एक वेगळं यंत्र त्याला बाहेरून जोडावं लागे. अशा जोडयंत्राला प्लगिन म्हणतात. ते एकाच कंपनीचं असे, आणि त्याच्या आत काय चालतं ते बाकीच्यांना बदलता येत नसे. पुढं आवाज आणि व्हिडिओ कसे दाखवायचे याचे नियम सगळ्यांसाठी खुले लिहिले गेले. ब्राउझर ते नियम स्वतःच पाळू लागले. जोडयंत्राची गरज संपली. कंपनीनं तीन वर्षं आधी तारीख जाहीर केली, आणि त्या तारखेला ते बंद केलं.

"म्हणजे तीन वर्षांपासून माहीत होतं तुमाले?"

"माहीत होतं."

"मंग?"

आधी मी ते काम पुढं ढकलत राहिलो होतो. पाठ बदलायचे तर ते उघडावे लागले असते, आणि सप्टेंबरानंतर मी ते उघडले नव्हते.

"बरं, आता नवीन पद्धतीनं बनवून द्या," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत बॅच हाय. आवाजाचं मी पायते. नागपूरच्या स्टुडिओत एक पोरगी ठरवली."

"जुना आवाज वापरता येईल."

"हाय कुठी तो? आमच्या सर्व्हरवर तीनच पाठ सापडले. तीन एका आवाजात न सहा दुसऱ्या, असं नाई चालत. आठ दिवसांत नऊच्या नऊ आणा. नाई तर पोरीले बोलावते."

तो आवाज मंगलाचा होता. मॅडम संस्थेत नव्या होत्या, त्यांना हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्यांनी मुदत वाढवली असती. मला तशी वाढवलेली मुदत नको होती.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे राहिलं नव्हतं. ते आणि पाठांची माझी प्रत एकाच हार्ड डिस्कवर होती, आणि ती डिस्क केव्हाच बंद पडली होती. तेव्हा मी मंगलाला म्हणालो होतो, संस्थेकडे फ्लॅशमध्ये आहे ना सगळं, काही बिघडत नाही. माझ्या धंद्यात अशी वाक्यं पुष्कळ लोक बोलतात.

धारणीच्या पुढं एका गावात संस्थेचं छोटं केंद्र आहे. तिथं आम्ही नऊही पाठ एका कॉम्प्युटरवर चढवले होते. त्या गावात इंटरनेट पोहोचलं नव्हतं, म्हणून तिथलं प्लगिनही २०११चंच असणार होतं. बंद व्हायची तारीख नंतरच्या प्लगिनमध्ये घातलेली होती. इतक्या जुन्याला ती माहीतच नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं निघालो. परतवाड्याच्या पुढं घाट लागला तसा मोबाइल मुका झाला. धारणीहून जीप केली. केंद्रावर पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. लाइट नव्हती. फुलवंतीताई भेटल्या. त्या कोरकू समाजातल्या, केंद्र सुरू झाल्यापासूनच्या सेविका. त्यांनी मला ओळखलं, मास्क असूनही.

"या सर. लाइट येईल आता. चा घ्या."

आम्ही ओट्यावर बसलो. आवारात कोणी नव्हतं. आत कॉम्प्युटरची खोली उघडी होती. पडद्यासमोर एक खुर्ची होती. तिच्यावर फडकं घालून ठेवलं होतं.

"कोणी बसतं का तिथं?"

"शिकाले आलं तरच. एरवी आमी नाई बसत." त्यांनी माझ्यापुढं चहाची कपबशी सरकवली.

चहा निम्मा झाला तेव्हा लाइट आली. आत पंख्याचा आवाज झाला. मग दोन मिनिटं काही नाही. मग मंगला म्हणाली, "ताई, आहात ना?"

मी बशी हळूच खाली ठेवली, एवढं आठवतं.

फुलवंतीताईंनी मानही वळवली नाही. ओट्यावरूनच मोठ्यानं म्हणाल्या, "हाव बाई, हाओ अठीच."

हे माझंच काम होतं. लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा आणि पहिला पाठ उघडावा, ही सेटिंग मी केली होती. पाठात एक घड्याळही मीच घातलं होतं. दोन मिनिटं कोणी माउस हलवला नाही, तर नर्स हाक मारते. चार मिनिटांनी पुन्हा, सहा मिनिटांनी शेवटची. शिकणाऱ्या बाईचं लक्ष उडू नये, एवढाच त्यामागचा विचार. रिकाम्या खोलीचा विचार मी केला नव्हता.

"रोज होतं असं?"

"लाइट जाते न येते, दिवसातून चार बखत. तितक्या बखत बाई इचारते. उत्तर देल्लं नाई तर बरं नाई वाटत. नवीन पोरी आधी भेत होत्या. आता त्याबी देतात."

"ती रेकॉर्डिंग आहे, ताई."

"मले माहीत हाय न, सर. मी शिकली तिच्यापासून." त्या हसल्या. "बाई आलती न एकदा अठी, आमी कसं बोलतो ते ऐकाले? दोन दिवस राह्यली. कशी हाय ते?"

आतून दुसरी हाक आली. "चहाले गेल्या काय?" ही ओळ मी लिहिली नव्हती. मंगलानं रेकॉर्डिंगच्या वेळी स्वतःच बोलून टाकली होती, आणि आम्ही हसून ती ठेवली होती.

"वारली," मी म्हणालो. "सप्टेंबरात."

मी घड्याळ पाहिलं. तिसरी हाक यायला दोन मिनिटं होती, ते मला सेकंदापर्यंत माहीत होतं. उठून माउस हलवला असता तर ती आली नसती. मी उठलो नाही. समोरच्या सागावरून पानं पडत होती, मोठी, वाळलेली, प्रत्येकाचा वेगळा आवाज होत होता.

मग आतून शेवटची हाक आली. "बरं. मी आहे इथंच."

या वेळी फुलवंतीताईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

मग मी आत गेलो. खुर्चीवरचं फडकं काढून ठेवलं आणि नऊही पाठांच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या. सगळ्या उघडत होत्या.

पुढचं काम कोरडं आहे. फ्लॅशच्या फाइलीतून आवाज बाहेर काढणारी साधनं मिळतात. आवाज बाहेर आला की तो साध्या ऑडिओ फाइलमध्ये ठेवायचा, चित्रं वेगळी करायची, आणि कोणत्या शब्दाला नर्सचे ओठ हलतील ते पुन्हा बसवायचं. हे सगळं कोणताही ब्राउझर, कोणताही मोबाइल, बाहेरून काही न जोडता दाखवू शकतो. मी चार दिवस बसलो. प्रत्येक वाक्याआधी मंगला श्वास घेते. आमच्या धंद्यात असे श्वास कापतात. २०११ साली ते कापायचे माझ्याकडून राहून गेले होते. आताही कापले नाहीत.

आठव्या दिवशी अकोल्यात मॅडमना पाठ दाखवले. त्यांनी तीन पाठ पूर्ण ऐकले.

"आवाज चांगला हाय बाप्पा. आपल्यासारखा बोलते. कोण हाय हे?"

"माझी बायको."

ती गेल्याचं संस्थेत कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. "आधी सांगाले काय झालतं तुमाले?" असं म्हणून त्यांनी फोन उचलला आणि नागपूरच्या मुलीला नाही म्हणून कळवलं.

धारणीच्या केंद्राला पाठ भरलेला टॅबलेट मिळाला. लाइट आली की पहिला पाठ त्यातही आपोआप उघडे. बॅच सुरू झाल्यावर फुलवंतीताईंचा फोन आला, बहुतेक गावाबाहेरच्या टेकडीवरून, कारण वारा ऐकू येत होता.

"सर, पाठ चांगले चालून राहिले. पण बाई हाक नाई मारत."

याचं कारण नव्या नियमांत आहे. पान उघडल्याबरोबर जाहिराती ओरडू लागत, त्याला लोक कंटाळले होते. म्हणून आता माणसानं पडद्याला हात लावेपर्यंत ब्राउझर पानाला आवाज करू देत नाही. एकदा हात लावला की मग तिन्ही हाका वेळेवर येतात. पण रिकाम्या खोलीत कोणी हातच लावत नाही.

"म्हंजे पयले आपल्याले बोलाव लागते?"

"हो."

"तुमाले करता नाई येत का पयल्यासारखं?"

एका यंत्रापुरती ही बंदी उठवता येते. ती सेटिंग मला माहीत होती. मी म्हणालो, येतं. मग थोडं थांबून म्हणालो, पण राहू द्या. नऊ-दहा वर्षं कोणी नसलेल्या खोलीत मी तिला दिवसातून चार वेळा विचारायला लावलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

या धंद्यात येणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो. मूळ रेकॉर्डिंग साध्या, कोणालाही उघडता येईल अशा फाइलमध्ये ठेवा, आणि दोन ठिकाणी ठेवा. ऐकून घेतात. करतात की नाही माहीत नाही.

धारणीचा जुना कॉम्प्युटर संस्थेनं भंगारात काढला. नऊ पाठ चालू आहेत. पडद्याला हात लावला की मंगला बोलते.