वाढणारीचं ताट

मला कोणी "किती बारीक आहेस गं!" असं म्हटलं की मी आधी बोलणारीचा चेहरा बघते. तिला कीव करायची आहे, चौकशी करायची आहे की नुसता हेवा वाटतोय, हे कळल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. चाळिशी ओलांडली तरी ही खोड गेलेली नाही. शिळफाट्यावर भाजी घेताना, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही हा प्रश्न येतो. लठ्ठ बाईला तोंडावर लठ्ठ म्हणायला लोक जरा तरी कचरतात. बारीक बाईच्या मनगटाला मात्र कोणीही खुशाल दोन बोटांचा वेढा घालून बघतं आणि वर हसतं.

माझं उत्तर ठरलेलं असायचं. "आमची अंगकाठीच तशी."

हे उत्तर मला माझ्या आईकडून मिळालं. तिला आम्ही आये म्हणायचो. आमचं माहेर खालापूर तालुक्यात, बौद्धवाडीतलं विहारामागचं शेवटचं घर. आये दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला, कापणीला जायची. बांधावरून एखादी विचारायचीच, "काय गं, नवरा खायला घालत नाय का?" आये पाठ ताठ करून सांगायची, "आमची अंगकाठीच तशी हाय. माझी आये बी अशीच होती." हे ती इतक्या तोऱ्यात म्हणायची की लहानपणी मला वाटायचं, अंगकाठी म्हणजे आपल्या घरातला एखादा जुना दागिना असणार, पिढीजात चालत आलेला.

मला बघायला पाहुणे आले तेव्हा मात्र या दागिन्याची आयेला भीती वाटली असावी. ऐन मे महिन्यात तिने आणि मावशीने मिळून मला साडीच्या आत तीन परकर घातले, त्यातला एक मावशीचा, खळ घातलेला. मी खुर्चीवर बसले तर कागद चुरगाळल्यासारखा आवाज झाला. मुलाच्या आत्याने माझा दंड दाबून पाहिला. दंडाला काही परकर नव्हता. "पोरगी सुकी हाय," ती म्हणाली, आणि दाराआडून आयेचा आवाज आला, "अंगकाठीच तशी हाय तिची." लग्न ठरलं. नवरा आजही चिडवतो की मी कंबर बघून होकार दिला आणि हळद उतरल्यावर निम्मी बायको कुठे गेली म्हणून शोधत बसलो. ही गोष्ट मी माझ्या मुलीला इतक्यांदा सांगितली आहे की तिला ती तोंडपाठ आहे. आता वाटतं, जरा कमी सांगायला हवी होती.

मुलगी एकोणीस वर्षांची आहे. कर्जतला कॉलेजात जाते. तिच्या वेळेपर्यंत जग उलटं फिरलं होतं. माझ्या ज्या दंडाला लोकांनी नाकं मुरडली, तसाच तिचा दंड बघून बायका म्हणायला लागल्या, "काय छान शेलाटी आहे! काही करावं लागत नाही हिला, नैसर्गिकच आहे." शेलूच्या नव्या इमारतींत राहायला गेलेली माझी नणंद पहाटे उठून चालायला जाते, रात्री नुसती काकडी खाते, आणि आमच्याकडे आली की मुलीकडे बघून सुस्कारे टाकते. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं जिच्यासाठी खाली मान घातली ती काठी एकदाची भाव खाऊन गेली, असं वाटायचं.

गावातल्या एका साडीच्या दुकानात तिला बोलावणं आलं. दुकानदाराची सून मुलींना साड्या नेसवून मोबाईलवर व्हिडिओ करते. मुलगी दर रविवारी जायला लागली. त्या व्हिडिओंखाली लोक लिहायचे. अर्धे लिहायचे, नुसती हाडं आहेत. अर्धे विचारायचे, खाते काय ही? आणि सून प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, नॅचरल आहे. मुलगी ते सगळं वाचायची, मी तिच्या खांद्यावरून वाचायचे.

मी मुळातच संशयी बाई. त्यात कामही तसंच. मी अंगणवाडी सेविका आहे. डोंगराखालच्या एका ठाकरवाडीत पंधरा वर्षं पोरांची आणि गरोदर बायांची वजनं घेते. वजनाच्या दिवशी मी कोणावरही विश्वास ठेवत नाही. चपला काढ, कमरेचा विळा काढ, मोबाईल इकडे दे, कडेवरचं पोर खाली ठेव. मग काट्यावर चढ. बाया हसतात, म्हणतात, "ताई पोलिसात पाह्यजे होती."

त्यामुळे घरातल्या खुणा मला दिसल्या नाहीत असं नाही. मुलीचा डबा धुतलेला परत यायला लागला. भुकेल्या पोराच्या डब्याला कोपऱ्यात मसाला चिकटलेला असतो, झाकणाला तेल असतं. हा डबा घासून पुसून यायचा. कंगव्यात केस जास्त निघायला लागले. उन्हाळ्यात ती बापाचा जाड शर्ट कुडत्यावर घालायची. मी एकेका गोष्टीवर संशय घेतला. एखादा मुलगा असेल, परीक्षेचं टेन्शन असेल, मैत्रिणींनी काही खूळ भरवलं असेल. एकदा तिच्या बॅगेत हात घालून पाहिलं, वह्या आणि ओढणी निघाली. बारीकपणावर मात्र मी संशय घेतला नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. तिची अंगकाठीच तशी.

मग एप्रिलमध्ये आमच्या सुपरवायझर बाई वाडीत आल्या. एका गरोदर बाईचं वजन दोन महिने जागचं हललं नव्हतं. शेऱ्याच्या जागी मी लिहिलं होतं, "अंगकाठी मुळात बारीक." बाईंनी त्यावर पेनाने काट मारली.

"ताई, हे कारण झालं का?"

"मॅडम, हे लोक असेच असतात. बारीक, काटक."

"तुम्हीपण बारीकच आहात. तुमच्या शेऱ्यात कोणी असं लिहिलं तर चालेल?" मग मॅडम त्या गरोदर बाईकडे वळल्या. "घरात वाढतं कोण?"

"मीच," ती म्हणाली.

"आणि जेवतं कोण शेवटी?"

ती हसली. असला काय सवाल, असा तिचा चेहरा झाला. "मीच की. समद्यांना वाढून उरंल ते."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. आजवर मी तिचा विळा काढायला लावला, तिचा मोबाईल काढून घेतला, पण ताट विचारलं नव्हतं. अंगणवाडीत गरोदर बायांना दुपारचं गरम जेवण मिळतं. ती ते पदराखाली झाकून घरी पोरांसाठी नेत होती, तेही मला माहीत होतं, आणि पोरं खातात म्हणून मी कानाडोळा केला होता. त्या दिवसापासून मी तिला समोर बसवून खाऊ घालायला लागले.

मेमध्ये बुद्धपौर्णिमा आली. विहारात वंदना झाली आणि खिरीची पातेली उघडली. माझी मुलगी पळी घेऊन उभी. पांढरा कुडता, वरून ओढणी, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाकून वाढतेय. बायका मला ऐकू जाईल असं बोलत होत्या. "पोर किती कामाची हाय गं! आणि हाडापेराने थेट आईवर गेलीय." माझी मान वर झाली, आणि त्याच क्षणी सुपरवायझर बाईंचा प्रश्न आठवला. घरात वाढतं कोण?

मी माझी वाटी खाली ठेवली आणि मुलीवर नजर लावली. तिने सगळ्यांना वाढलं. लहान पोरांना दुसऱ्यांदा वाढलं. कोणी म्हटलं, "तू घे की गं," तर म्हणाली, "मागून घेते." मग पातेली उचलली, नळावर नेऊन घासली. शेवटी ओढणीच्या टोकाने ओठांचे दोन्ही कोपरे पुसत हसत हसत परत आली आणि बायकांत बसली. आता तिला कोण विचारणार? वाढणारीचं ताट कोणी बघत नाही.

ते तोंड पुसणं मी ओळखलं. ते माझं होतं. पंगत उठली की मी पदराने असंच तोंड पुसते, जेवले असले तरी, नसले तरी. आणि माझं तरी कुठलं? आये चुलीजवळून उठताना असंच पुसायची. आम्ही विचारायचो, आये, तू जेवलीस? ती पदर तोंडाला लावून मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी होती. मी मुलीला म्हटलं, चल, तिथली खोली आवरायची आहे. तिथे दार लोटलं आणि काटा पुढे ओढला.

"चपला काढ," मी म्हटलं. "शर्ट काढ बापाचा."

शर्टाखाली कुडता होता, कुडत्याखाली आणखी एक. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, परकर," आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. काट्यावर चढली तेव्हा मी आकडा पाहिला. तो इथे लिहीत नाही, ताट न विचारता नुसत्या काट्यावर आता माझा तेवढा विश्वास राहिलेला नाही.

भिंतीला टेकून बसल्यावर तिने सांगितलं. त्या दुकानात ब्लाउज ढगळ व्हायचे म्हणून पाठीमागे चिमटे लावायचे. एका रविवारी चिमटे लागले नाहीत. दुकानदाराची सून सहज म्हणाली, "अरे, भर गयी तू तो."

"मला कळलं की माझं नॅचरल संपलं," मुलगी म्हणाली. "सगळ्यांना सांगून बसलोय आपण. मग मी डबा मैत्रिणींना द्यायला लागले."

मला त्या सुनेचा राग आला, नणंदेचा आला, व्हिडिओखाली लिहिणाऱ्या बिनचेहऱ्याच्या लोकांचा आला. सगळ्यात जास्त माझाच आला. तोऱ्यात मान वर करणारी मीच होते.

"पण आई, आपली अंगकाठी तशीच हाय ना? आजीची, तुझी?" तिने विचारलं. "मग माझीच का बिघडली?"

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आजी बारीक होती कारण ती उपाशी होती, मी म्हटलं. भाताचं टोप रिकामं झालं की ती तळाला पाणी घालून ढवळायची आणि ते प्यायची. मी थोडी मोठी झाले तशी वाढायला मीही बसले, म्हणजे माझंही ताट कोणी बघेना. बांधावर त्या बायका विचारायच्या तेव्हा आये काय सांगणार होती? आमच्या टोपात काही नसतं म्हणून? तिने अंगकाठी सांगितली. मी ती खरी मानली आणि तुला दिली.

"आजी मेली तेव्हा पण लोक म्हणाले, काठीच तशी होती," मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "मीच म्हणाले होते."

तिला मी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुढे मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, अजून जातो आम्ही. दुकान सुटलं. रोज सगळं सुरळीत असतं असं नाही. मी डब्याचे कोपरे अजून तपासते. तिला ते कळतं आणि ती चिडते, तरी मी तपासते.

पण परवाचं सांगते. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता, घरात आम्ही दोघीच. वाल शिजवले होते, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. मी तिचं ताट वाढलं, तिच्या समोर ठेवलं आणि वाडीतल्या बाईला म्हणते तसं म्हटलं, "इथं माझ्यासमोर बसून खायचं."

"आणि तुझं?"

"मी मागून घेते. मला एवढ्यात भूक नाय."

ती ताटाला हात लावेना. उठली, मांडणीवरून दुसरं ताट काढलं, त्यात दोन भाकऱ्या घातल्या, वालाची वाटी भरली. ते ताट माझ्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्यासारखीच मांडी घालून, डोळे रोखून बसली. पंधरा वर्षं मी ज्या नजरेने बायांना काट्यावर चढवलं ती नजर मला पहिल्यांदा समोरून दिसली.

आता आमच्या घरात तांदळाचा डबा भरलेला असतो. मला कोणी अडवलेलं नाही. तरी दोन भाकऱ्या बघून माझं पोट आक्रसलं. मी एक खाल्ली. भूक नसते म्हणता म्हणता खरंच कधी मेली, की अजून आहे आणि मीच दाबून ठेवलीय, मला सांगता येईना. दुसऱ्या भाकरीकडे बघत राहिले आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. पदर ओठांपर्यंत आला.

मुलीने माझं मनगट धरलं. पदर माझ्या हातातून सोडवून घेतला आणि माझ्या कमरेला घट्ट खोचला.

"अजून झालं नाय तुझं," ती म्हणाली.

मी दुसऱ्या भाकरीचा तुकडा मोडला. मी तो तोंडात घालेपर्यंत ती माझ्या ताटाकडे बघत होती. मग तिने तिच्या भाकरीचा मोडला.