दुसरा धडा उद्यापासून

वेबसाइट बनवायला शिकण्याचा पहिला धडा माझ्या थोरल्या साडूंइतक्या वेळा गिरवलेला माणूस उभ्या पृथ्वीतलावर दुसरा नसेल, आणि दुसरा धडा त्यांच्याइतका पुढे ढकललेलाही कुणी नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही. साडू कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार होऊन आलेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, ठोकून आवाज ऐकायचा आणि खडूने त्यावर बरोबरची नाहीतर फुलीची खूण करायची, एवढंच त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त होऊन सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले तेव्हा खडू सुटला, तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याची वांगी ते बोटांनी ठोकून बघत. आमच्या घरी नवा मिक्सर आला तेव्हा त्यांनी तो रिकामाच फिरवला, डोळे मिटून कान लावला आणि "चालंल" म्हणाले, तेव्हा कुठे माझ्या बायकोला त्यात खोबरं टाकायची परवानगी मिळाली.

अशा माणसाच्या हातात इंटरनेट पडलं ते अक्कापायी. अक्का ज्वारीच्या कडक भाकरी करते. म्हणजे करायची. पापडाइतकी पातळ, महिनाभर टिकणारी, आणि मोडताना असा आवाज येणार की शेजारच्याने विचारावं, काय खाताय. एक व्यापारी थप्पीच्या थप्पी घरून उचलून न्यायचा. कुणाला विकतो, कुठे विकतो, अक्काने कधी विचारलं नाही. मग एका दिवाळीत पुण्याची भाची आली आणि मावशीला भेट म्हणून तिकडची 'प्रसिद्ध' कडक भाकरी घेऊन आली. पाकीट गुळगुळीत, वर भलत्याच बाईचं नाव आणि नथ घातलेलं चित्र. अक्काने एक तुकडा तोंडात टाकला, जरा चावला, आणि म्हणाली, "ही माझीच हाय की गं!" आम्ही सगळे हसून लोटपोट झालो. अक्का हसली नाही. पाकिटावरचं नाव तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "माझ्या हातानं केल्यात, तर माझ्या नावानं गेल्या पायजेत." त्यावर साडू ताटावरून उठले, हात धुतला आणि सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "तुझ्या नावाची वेबसाइट काढतो. कुणाला एक पैसा द्यायचा न्हाय. मी सोता शिकून काढतो. फुकट शिकायला सगळं मिळतंय म्हणं."

मिळतंय, हे खरंच होतं, आणि घात तिथेच झाला. एकच कोर्स मिळाला असता तर साडूंनी तो महिन्याभरात संपवला असता. मिळाले शेकडो. आता शेकडोंमधला चांगला कोणता? साडूंनी मोठं रजिस्टर आणलं, रेघा मारल्या आणि कारखान्यातली पद्धत लावली. "लॉटमधला एक नग तपासला की लॉट कळतो, साडूभाऊ," असं मला समजावून त्यांनी प्रत्येक कोर्सचा पहिला धडा करायला घेतला. फक्त पहिला. त्यांच्या लॅपटॉपवर जगाला 'हॅलो' म्हणणारी इतकी पानं साठली की जगाने एकदा तरी ओ द्यायला हवी होती. फुकटाच्याही त्यांनी जाती पाडल्या होत्या. खरं फुकट. सात दिवस फुकट. शिकणं फुकट पण सर्टिफिकेट विकत. आणि सगळ्यात वाईट, फुकट पण आधी कार्डाचा नंबर मागणारं. त्यापुढे ते लाल शाईने फुली मारत आणि ती मारताना त्यांचा चेहरा असा होई की जणू कुणी रेल्वेचा रूळच चोरून नेलाय.

शिकवणाऱ्यांची पारखही अशीच. व्हिडिओतला मास्तर भराभरा बिनचूक कोड लिहीत सुटला की ते मध्येच बंद करत. "हा चुकतच न्हाय. चुकत न्हाय तो शिकवणार काय? चुकल्यावर काय करायचं तेच तर शिकायचं असतंय की." ज्याचं पान मध्येच बिघडतं, जो डोकं खाजवून "थांबा, कुठं चुकलं बघू" म्हणतो, त्याला बरोबरची खूण. नातेपुत्याला एका लग्नात पंगतीला यांच्या शेजारी नवरीचा इंजिनियर चुलतभाऊ बसला. त्याने पहिला घास घेतला नाही तोच साडूंनी विचारलं, "तुमी वेबसाइटचं कुटं शिकलाव? फुकट का विकत?"

"कॉलेजात, काका. चार वर्षं."

"विकत," साडू म्हणाले, आणि उरलेली पंगत संपेपर्यंत त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

या सगळ्यात एक गंमत अशी होती, आणि ती गंमत नव्हतीच हे मला फार उशिरा कळलं, की रजिस्टर अव्वल होतं. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याची मुलगी बी.कॉम. होऊन घरी बसली होती. साडूंनी तिला रजिस्टरातून तीन कोर्सांची नावं काढून दिली. "आधी हे वाचायचं, मग हे बघायचं, आणि ह्यातली गणितं सोडवायची. नुसतं बघू नको. हातानं लिही. दुसऱ्याचं उचलून चिकटवलंस तर डोक्यात काय ऱ्हाणार?" वर्षभरात तिला पुण्यात नोकरी लागली. पेढे घेऊन आली, पाया पडली. साडूंनी पेढा हातात धरून हळूच विचारलं, "तिसरा धडा कसा होता गं त्यातला?"

ती पोरगी हुशार. जाता जाता म्हणाली, "काका, अक्कांची साइट मी करून देते ना. दोन दिवसांचं काम."

"न्हाय न्हाय. तिला शब्द मी दिलाय."

आता माझं सांगतो. सांगायला नको वाटतं, म्हणूनच सांगतो. आमच्या कुटुंबात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी नेमलेलं नाही, पण बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं झाली की सगळे सतरंजीवर लवंडतात आणि कुणीतरी म्हणतं, "दाजी, साडूंचं काही नवीन?" या एका वाक्यासाठी मी जगतो, असं बायको म्हणते, आणि ते फारसं खोटं नाही. तर एका सकाळी साडू रजिस्टर घेऊन माझ्या दारात उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. "साडूभाऊ, ठरलं. हा कोर्स पक्का. साधा हाय, सरळ हाय. दुसरा धडा उद्यापासून."

दोन दिवसांवर पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं, आणि माझ्याकडे नवीन काही नव्हतं. मी फोनवर चाळून एक भलामोठा, फाटे फुटलेला कोर्स काढला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हा बघितलात का? जर्मनीत म्हणे आता सगळे हाच करतात." जर्मनीतलं मला काहीही ठाऊक नव्हतं. साडूंचा चेहरा पडला. "ह्यो ऱ्हायलाच की," म्हणाले. "बरं झालं तुमी सांगितलं. न्हायतर चुकीचा माल पास झाला असता." आणि दुसरा धडा न करता परत गेले.

बारशात मी ही गोष्ट जर्मनीसकट सांगितली, फक्त जर्मनी मीच घुसडली होती एवढं गाळून. लोक इतके हसले की पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. अक्काही पदर तोंडाला लावून हसली. मग पदर बाजूला करून म्हणाली, "हसा बाबांनो. पर माझी साइट कवा हुईल?" त्याच्यावर तर आणखीच हशा पिकला.

तो जर्मन कोर्स तपासण्यात साडूंचा हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. श्रावणात अक्काचा उजवा खांदा आखडला. आधी भाकरी थापताना दुखायचा, मग वेणी घालताना, मग नुसतं बसल्या बसल्या. डॉक्टरांनी तपासलं, हात वर करायला लावला, तो अर्ध्यातच थांबला. ते म्हणाले, थापणं आता कायमचं बंद. व्यापारी दोनदा येऊन बघून गेला आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाच्या घरी वळला.

त्या आठवड्यात साडूंनी रजिस्टर उघडलं, अगदी पहिल्या पानावरचा पहिला कोर्स काढला आणि बसले. दुसरा धडा, तिसरा, पंधरावा. दसऱ्याच्या आधी साइट तयार. मला बोलावून दाखवली. पानाची जमीन पिवळी धमक, मधोमध भाकरीचा फोटो जरा तिरका आलेला, आणि वर पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अक्काचं पूर्ण नाव. खाली फोन नंबर.

"मस्त झालीय," मी म्हणालो, आणि खरंच झाली होती.

"सोपं होतं हो," साडू म्हणाले. "लई सोपं होतं. चार वर्सं उगं नग तपासत बसलो."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की जर्मनीत कुणी काही करत नाही, ते मी बारशासाठी काढलं होतं. मी घसा साफ केला. "फोटो जरा सरळ करता आला तर बघा," म्हणालो.

मागच्या रविवारी आम्ही दोघं नवराबायको त्यांच्याकडे गेलो होतो. साडूंचा फोन वाजला. नाशिकहून कुणी बाई बोलत होत्या. साइट बघितली, वीस भाकरी हव्यात, पाठवाल का? साइट सुरू झाल्यापासूनचा हा पहिलाच फोन. साडूंनी फोनवर तळवा ठेवला आणि अक्काकडे बघितलं. अक्काने डाव्या हाताने फोन मागून घेतला.

"हां, बोला. मीच ती… न्हाय हो, आता करत न्हाय. खांदा गेला माझा… तुमी सोता करा की. सांगते मी. लिहून घ्या."

साडूंनी उठून पंखा बंद केला, तिला नीट ऐकू यावं म्हणून.

"पाणी चांगलं उकळू द्या. त्यातच पीठ भिजवायचं… हाताला सोसंल तवा मळा. थापताना जोर न्हाय लावायचा, पीठ आपसूक पसरतंय… भाजली की मंद आचेवर ठिवा, वर कापड दाबा. घाई न्हाय करायची… अहो मोडंल की! पहिली मोडणारच. दुसरी बी मोडंल. मोडू द्या, तिसरी थापा."

साडू खिडकीपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत आहे. मी सतरंजीची दशी ओढत बसलो.

पलीकडच्या बाईंनी शेवटी काहीतरी विचारलं असावं. अक्काने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"माझं नाव व्हय? वर लिवलंय की. बघा, मोठ्या अक्षरात. आमच्या ह्यांनी लिवलंय."