पाण्यावरच्या घरात न पलटलेली फोड

संध्याकाळी थोआ कारखान्यातून येते तेव्हा तिच्याआधी तिचा वास घरात शिरतो. बर्फाचा, क्लोरीनचा आणि पंगस माशाच्या चरबीचा. तिच्या आणि माझ्या घराच्या मध्ये नुसत्या फळ्या आहेत, त्याही पुराच्या पाण्यानं फुगून वाकलेल्या, फटीतून पलीकडचं सगळं दिसतं. तिच्याकडं चमचा पडला की मी माझ्याकडं खाली वाकते. दोन्ही घरं नदीत रोवलेल्या खांबांवर. खाली हाऊ नदी, वर आमच्या चुली.

त्या संध्याकाळी ती दारातच टेकली. दुचाकीवरून येताना घातलेलं हेल्मेट काढायचंही त्राण नव्हतं. पिशवीत पंगसच्या तुटक्या फोडी होत्या. परदेशी जाणाऱ्या फोडीला जरा कुठं सुरी वेडीवाकडी लागली, की ती कामगारांच्या वाट्याला येते. या बिनकाट्याच्या फोडी तिनं म्हाताऱ्यासाठीच आणल्या होत्या.

म्हातारा म्हणजे तिचा सासरा, क्वॉय. जन्म नावेवर काढलेला माणूस. अंगावरून वारं गेलं आणि डावं अंग लुळं पडलं, गिळणंही निम्मं गेलं. मागं एकदा काटा अडकून तो निळा पडला होता. तेव्हापासून त्यानं मासाच सोडला. पेजेचे दोन घास घ्यायचा आणि तोंड मिटायचा. डॉक्टरीणबाईनं सांगून ठेवलं होतं, असाच वाळत गेला तर नाकातून नळी घालावी लागेल. म्हातारा म्हणायचा, त्यापेक्षा मला नदीत ढकला.

थोआनं तव्यावर तेल टाकलं, लसूण टाकला, फोड सोडली. एक बाजू तांबूस झाली तशी उलथन्यानं पलटली.

"काय केलंस गं?" खाटेवरून म्हातारा ओरडला. अर्ध्या तोंडानं ओरडला तरी मला इकडं नीट ऐकू आलं.

"काय केलं, बा?"

"मासा पलटलास! माझा पोरगा पाण्यावर हाय, अन् तू घरात मासा पलटतीस? मासा पलटला की नाव पलटती!"

पोरगा म्हणजे लुआन, थोआचा नवरा. वाळूच्या बोटीवर असतो. महिन्यातनं एकदा घरी येतो, ते झोपायला.

"बा, ह्याला डोकं न्हाई, शेपूट न्हाई. साबणाची वडी हाय नुसती. हिनं कुठली नाव बुडतीय?"

"वडी तर वडी. पलटली का न्हाई?"

म्हाताऱ्यानं तोंड मिटलं. ती घास घेऊन बसली, तर त्यानं मान भिंतीकडं फिरवली. मग तिचाही तोल गेला.

"दिसभर तेच करती मी! एक बाजू कापायची, मासा पलटायचा, दुसरी कापायची. दिसाकाठी किती पलटती, कुणी मोजलंय? तुमचा पोरगा हाय न्हवं अजून तरंगत?"

इकडं मला वाटलं, पोरी, हे बोलायला नको होतंस.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं पेजही घेतली नाही. थोआ कामावर गेली की दुपारी मीच त्याला भरवते. तीनदा चमचा नेला, तीनदा परत आणला.

"पोराला बुडवायला निघालीय सून," तो म्हणाला, "अन् मी तिच्या हातचं जेवू?"

"मग उपाशी मरा. नळी घालायला मात्र मला हाक मारू नका."

बराच वेळ तो खिडकीतून पलीकडचा काठ बघत राहिला. मग म्हणाला, "तिचा कारखाना पाण्यावर हाय का जमिनीवर?"

"जमिनीवर. सिमेंटची फरशी हाय. का?"

त्यानं मान पुन्हा काठाकडं फिरवली. पेजही घेतली नाही.

संध्याकाळी थोआ आली ती तशीच चुलीपाशी गेली. आज तवा नाही, मातीचं गाडगं. साखर काळपट होईस्तोवर जाळली, मासे मुरवून केलेलं खारं पाणी ओतलं, शहाळ्याचं पाणी घातलं, मिरी ठेचून टाकली आणि फोडी हलक्या हातानं अंथरल्या. उलथनं हातात घेतलंच नाही. चमच्यानं रस वरून सोडत राहिली. वास माझ्या घरात आला तशी मी फटीला डोळाच लावला.

"बघा बा. वरची बाजू वरच हाय."

"ती कारखान्यातली पलट खुशाल," म्हातारा म्हणाला.

"आँ?"

"जमिनीवर हाय न्हवं त्यो? नाव काठावर वढली की पालथीच घालत्यात, डांबर लावायला. म्या किती घातल्या. त्यानं कोण बुडत न्हाई. हितं खाली पाणी हाय. हितं पलटायचं न्हाई."

थोआ हसली नाही. "हे काल सांगायचं की. आज दिसभर मासा पलटताना ध्यान तुमच्या पोराकडं. दोनदा सुरी लागली."

"काल सुचलं न्हाई."

"सुचलं न्हाई म्हणं! आता तोंड उघडा."

त्यानं उघडलं. एक फोड गेली, वर अर्धी. थोडा रस हनुवटीवरून ओघळला, तो तिनं बाहीनं पुसला.

मग गाडगं खरवडल्याचा आवाज आला. न पलटलेल्या फोडी खालून करपल्या होत्या, ते करपलेलं तिच्या वाट्याला.

"मावशी, जळकं हाय जरा. देऊ?"

"दे की."

फळीवरून वाटी आली. वर बघितलं, तर हेल्मेट अजून तिच्या डोक्यावरच होतं.