गच्चीवरचा घाटा

सुंदराबाईंनी माझ्या दाराची बेल वाजवली याबद्दल मी मनोमन त्यांचे आभार मानते. त्या सकाळी मात्र मी जाळीच्या दारातूनच खेकसले, "काय पाहिजे?" आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्याच्या इमारतीत बेल वाजली की पार्सल आलेलं असतं, नाहीतर मेन्टेनन्स मागायला कोणीतरी.

दारात चौथ्या मजल्यावरच्या सुंदराबाई. हात कोपरापर्यंत ओले, डोळे भरलेले. "ताई, घाटा लागी राहिना. मी एकली शे. या ना!" काहीतरी खाली लागत होतं आणि बाई एकट्या होत्या, एवढं मला त्यांच्या अहिराणीतून कळलं.

सुंदराबाई मूळच्या धुळ्याकडच्या. लग्नानंतरचं सगळं आयुष्य सुरतेतल्याच लिंबायतच्या एका गल्लीत गेलं. नवरा, काशिनाथ, लूमवर कामाला. बाई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या. काशिनाथ गेले आणि मुलगा गोपाल आईला या फ्लॅटमध्ये घेऊन आला. मुलगा गुणी, सूनही गुणी, पण दोघंही सकाळीच कामावर जातात. मग दिवसभर सुंदराबाई आणि चार भिंती. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या हसायच्या. आम्ही मोबाईलमध्ये बघत असायचो.

उन्हाळा लागला तशी बाईंनी बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घातली, तीही अख्ख्या गल्लीच्या मापाने! बिबडे म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड. पीठ शिजवून त्याचा घाटा झाला की तो गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा. एकीनं घोटायचं, बाकीच्यांनी थापायचं. एकटीचं ते काम नव्हे. लिंबायतला कोणाला बोलवावं लागत नसे. पातेलं चढलेलं दिसलं की बायका पदर खोचून हजर. त्याच सवयीनं बाईंनी गच्चीवर पातेलं चढवलं, जुन्या साड्या अंथरल्या आणि वाट बघत बसल्या. कोण येणार, कप्पाळ! आम्हाला गच्चीची किल्ली कोणाकडे असते हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

मी निवृत्त शिक्षिका, मुलगी परदेशात. त्या आठवड्यात दूधवाल्याखेरीज कोणाशी बोलले नव्हते. बिबडे मला थापता येत नाहीत, असं सांगून दार लावणार होते. पण बाई 'या' म्हणत होत्या, आणि मला 'या' म्हणून कोणी बोलावल्याला किती महिने झाले होते कोण जाणे. मी चप्पल घातली.

आमचा गलका ऐकून समोरच्या चंचलबेननी दार उघडलं. "शुं थयुं?" विचारत त्याही मागोमाग आल्या.

तळाचा घाटा थोडा करपला, बाकीचा वाचला. बाई घोटत होत्या, आम्ही हात भाजून घेत थापत होतो. माझा पहिला बिबडा बघून बाई पोट धरून हसल्या. मला राग यायला हवा होता, पण इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शेवटी टाकीच्या सावलीत बसून आम्ही उरलेला घाटा कच्चं तेल घालून खाल्ला. पहिल्याच घासाला चंचलबेन ओरडल्या, "अरे, आ तो आपणुं खीचुं!" त्यांच्याकडेही तांदळाच्या पिठाचा असाच घाटा तेल घालून खातात.

बाईंनी हात धुतले आणि सहज विचारलं, "मंग, आते कोना घर?"

"कोणाच्या घरी काय?" मी विचारलं. गल्लीत एकीचं आवरलं की दुसरीच्या घरचं काम निघायचं, सगळ्यांनी मिळून करायचं, असं त्यांनी समजावलं. त्यात विचारण्यासारखं काय आहे, हेच त्यांना कळेना.

"माझ्याकडे," मी म्हणाले. "उडदाचे पापड."

घरात ना डाळ होती, ना धड पोळपाट. बाईंचे आभार कसे मानावेत ते काही सुचेना. मी आपली उठले आणि भर उन्हात उडदाची डाळ आणायला निघाले.